आमच्या ह्याईनं बनवलेला कूलर

आमच्या घरची गाडी उन्हात उभी असायची आणि गॅरेजमध्ये, सावलीत, मी बसायचो.

गाडीची काही तक्रार नव्हती. तक्रार होती मंगलची, म्हणजे माझ्या बायकोची. पण खरं सांगायचं तर या सगळ्याचं मूळ तिच्याच माहेरात होतं, आणि त्या मुळाचं नाव गजाननराव. हे माझे साडू, मंगलच्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईंचे यजमान. धामणगाव बढ्याला त्यांचं कापडाचं दुकान आहे, थोडी शेती आहे आणि घराला लागून एक गॅरेज आहे. माणूस चांगला आहे. हेच तर वाईट आहे! एखादं व्यसन, तोंडात एखादी शिवी, निदान थोडं घोरणं तरी असावं की नाही माणसात? काही नाही. उलट दुकानातून आला की हा गृहस्थ गॅरेजमध्ये शिरतो, मोडकी वस्तू दुरुस्त करायला घेतो, आणि (इथे माझं पित्त खवळतं) ती दुरुस्त होते.

मी त्यांच्यावर जळतो. सांगून टाकलं एकदाचं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. गॅरेजच्या भिंतीवर एक लांबलचक फळी, फळीवर ओळीनं हत्यारं, आणि प्रत्येक हत्यारामागे पांढऱ्या रंगानं काढलेली त्याची आकृती. पाना काढला की भिंतीवर पान्याची जागा दिसते, म्हणजे परत कुठे टांगायचा ते कळतं. मंगल त्या फळीसमोर हात जोडायचेच बाकी ठेवून उभी होती. तेवढ्यात सुनंदाताईंनी शेवयांचं यंत्र दाखवलं. मोटारीवर चालणारं. बटण दाबलं की शेवया आपोआप खाली. आमच्याकडे मंगल तेच यंत्र दांड्याला लोंबकळून फिरवते आणि मी पलीकडून पाट दाबून धरतो. सुनंदाताई नुसत्या खुर्चीत बसल्या होत्या. बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "आमच्या ह्याईनं बनवलं."

'ह्याईनं' म्हणजे ह्यांनी, आणि हे वाक्य त्या प्रत्येक वस्तूपाशी म्हणतात. झोपाळा आला, आमच्या ह्याईनं बनवला. दिवा आला, आमच्या ह्याईनं बनवला. वर गजाननराव मान खाली घालून सांगतात की बाहेरून एक वस्तू आणली नाही, सगळं घरातल्याच भंगारातून केलं. परतीच्या वाटेवर, नांदुरा मागे पडल्यावर, मंगल म्हणाली, "मले कधी म्हणायले भेटन का हो असं?"

झालं! दुसऱ्या दिवशी मी गाडी बाहेर काढली, कडुनिंबाखाली लावली (कडुनिंबाची सावली दुपारी शेजाऱ्यांकडे जाते, त्याला मी काय करणार?) आणि गॅरेज ताब्यात घेतलं. मी शाळेत भूगोल शिकवतो. सुट्ट्या लागलेल्या होत्या. आधी फळी ठोकली, मग तिच्यावर पांढऱ्या रंगानं आकृत्या काढल्या. माझ्याकडे हातोडी, पक्कड आणि एक पेचकस एवढीच हत्यारं होती, पण आकृत्या मी करवत, रंधा, ड्रिल, सगळ्यांच्या काढून ठेवल्या. बघणाऱ्याला वाटावं, सगळी हत्यारं कामावर गेलेली दिसतात.

पहिला हात मिक्सरवर फिरवला. मिक्सर सुरू झाला, खोटं कशाला बोलू? फक्त तो बंद होत नाही. चटणी झाली की मंगल मुकाट्यानं पॅसेजमध्ये जाते आणि मेन स्विच पाडते. आता तिला त्याची इतकी सवय झाली आहे की लसूण सोलतानाच तिचा एक डोळा मेन स्विचकडे असतो. मग मी एक पाट केला. त्याच्यावर बसलं की माणूस नमस्कार केल्यासारखा पुढे झुकतो. मंगलनं तो देवघरासमोर ठेवला, म्हणजे वाया गेला नाही. पण ते वाक्य काही ती बोलेना.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. सासूबाई आमच्याच जळगाव जामोदात, दोन गल्ल्या सोडून राहतात. दोन्ही जावयांना त्यांनी एकाच दिवशी धोंड्याचं जेवण सांगितलं. सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं ऊन म्हणजे तुम्हाला काय सांगू, अंगणात पापड वाळत नाहीत, भाजूनच निघतात. आणि सासूबाईंचा लोखंडी कूलर नेमका त्याच वेळी धापा टाकायला लागलेला. मी म्हटलं, बघू का जरा? तर सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या जवाईबापू. गजाननराव येऊनच राह्यले. ते पाह्यतीन."

शब्द साधेच होते, पण माझ्या काळजाला घरं पडली. ते पाहतील! आणि मी काय मेलो? जेवणाला अजून आठवडा होता. मी त्याच दुपारी लोटगाडी बोलावली आणि कूलर उचलून माझ्या गॅरेजमध्ये आणला. या वेळी मंगल आपल्या बहिणीसमोर ते वाक्य म्हणणार म्हणजे म्हणणार, नाहीतर फळीवरच्या सगळ्या आकृत्या पुसून टाकीन, असं मी स्वतःला बजावलं.

कूलरचा पंखा पार गेलेला होता. नवा आणला असता, पण गजाननराव बाहेरून एक वस्तू आणत नाहीत ना! मग मीही आणणार नव्हतो. आमच्या माळ्यावर वडिलांच्या वेळचा उफणणीचा पंखा पडून होता. खळ्यावर धान्य उफणायला लावायचे तो, मोटारीसकट. मळणीयंत्रं आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. मी तो उतरवला, तेल पाजलं आणि कूलरच्या पोटात बसवला. बसताना जरा कुरकुरला, पण बसला. चालू करून पाहिला, तर भिंतीवरचं कॅलेंडर उडून रस्त्यावर गेलं. मला भरून आलं.

मग जाळ्या, आमच्याकडे त्यांना ताट्या म्हणतात. कूलरच्या तीन बाजूंच्या जाळ्यांत जे गवत भरतात, ते कुजून गेलेलं. गजाननराव दरवर्षी वाळा भरतात, विकत आणून. इथे सापडले! ही एक वस्तू ते बाहेरून आणतात. मी शेजारच्या गोठ्यातून सोयाबीनचं कुटार आणलं, मळणीनंतर गुरांसाठी भरून ठेवतात तो भुसा, आणि तिन्ही जाळ्या ठासून भरल्या. पाणी धरून ठेवायला कुटारासारखी गोष्ट नाही. गुरांनाही आवडतं. मंगल दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, भरल्यावर एकदा चालवून तर पाहा. मी म्हटलं, मी वर्गात मुलांना वारे शिकवतो, मला वारा कसा वाहतो ते तू सांगू नकोस.

जेवणाच्या दिवशी कूलर सासूबाईंच्या बैठकीत, बरोबर पाटांसमोर ठेवला. मी त्याला निळा रंगही दिला होता. समोर आम्ही दोघं जावई पाटांवर. गजाननराव कडक पांढऱ्या सदऱ्यात. मध्ये ताट, ताटात अनारसे, त्यावर तेवता दिवा, बाजूला पुरणाचे धोंडे आणि तूप. सासूबाईंच्या हातात ओवाळायचं तबक. मंगल आणि सुनंदाताई मागे उभ्या, गल्लीतल्या चार बाया दाराशी. घामानं सगळे निथळत होते. मी मुद्दामच कूलर सुरू केला नव्हता. घाम जितका जास्त, तितकं कौतुक जास्त, असा माझा हिशेब होता.

गजाननराव उठून कूलरपाशी गेले. त्यांनी जाळीतून बोट घालून पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताटीत काय भरलं हो मास्तर?"

मी म्हटलं, ते आमचं गुपित आहे.

"नाई, पंखा मोठा दिसते. एकडाव बाहेर अंगणात चालवून पाह्यलं असतं तं..."

जळला! माझ्या मनात लाडू फुटला. इतकी वर्षं मी जळत होतो, आज हा जळतोय. चेहरा बघा कसा काळजीत पडलाय! मी त्यांना प्रेमानं पाटावर बसवलं, म्हटलं, भाऊ, आज तुम्ही पाहुणे, तुम्ही फक्त वारा घ्या. आणि बटण दाबलं.

सुरुवातीला जे झालं ते कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. सुरुवातीला गार वारा आला! खरा, ओला, गार वारा. दिव्याची ज्योत आडवी झाली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बाप्पा, काय गार वाटून राह्यलं!" दाराशी उभ्या बाया आत सरकल्या. मी मंगलकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला, मान वर केली, बहिणीकडे वळली आणि तोंड उघडलं.

"आमच्या ह्या..."

एवढंच. पुढचं वाक्य कुटारानं भरलं.

पंख्याची काही चूक नव्हती. त्याचा जन्मच कुटार उडवायला झाला होता. बरीच वर्षं माळ्यावर उपाशी होता बिचारा, समोर तीन जाळ्या भरून कुटार दिसल्यावर त्यानं दम धरला होता तोच खूप. पाठीमागून ओढायचं आणि पुढे फेकायचं, एवढंच त्याला येतं. फरक इतकाच की खळ्यावर कुटार कोरडं असतं. हे भिजलेलं होतं आणि जिथे लागेल तिथे चिकटत होतं. गजाननरावांचा पांढरा सदरा आधी ठिपक्याठिपक्यांचा झाला, मग सरसकट मातकट. सासूबाई तबक घेऊन तशाच उभ्या, फक्त दिवा विझलेला आणि कुंकवाच्या जागी भुसा. पुरणाचे धोंडे दिसेनासे झाले. अनारशांवर खसखस असतेच, आता त्यावर दुसरा थर चढला. दाराशी आलेल्या बाया तर अशा पळाल्या की त्यांच्यातल्या एकीची चप्पल आजही सासूबाईंच्याच घरी आहे.

"बंद करा ना!" सुनंदाताई पदराआडून ओरडल्या.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ते बटण मीच, वायर लांबवून पाटापाशी, बसवलेलं होतं, म्हणजे बंद होण्याचा प्रश्नच नव्हता. प्लग ओढावा, तर तो कूलरच्या मागे भिंतीला, आणि तिथवर जायला कुटाराच्या वादळातून मार्ग नाही. मी पाट उचलून ढालीसारखा समोर धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. पाटासकट मागे आलो.

आणि मग सगळं एकदम शांत झालं. पंखा कण्हत कण्हत थांबला. मी डोळे पुसून पाहिलं, तर मंगल माहेरच्या भिंतीला चाचपडत, डोळे मिटून, सरळ मेन स्विचपाशी पोचलेली होती. घरी मिक्सरवर झालेला सराव असा कामी आला.

गजाननराव उठले. मला वाटलं, आता हसतील. हसले असते तर मी जन्मभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. पण ते कूलरपाशी गेले, वाकून आत पाहिलं, मोटारीवर हात फिरवला आणि मनापासून म्हणाले, "बसवली मात्र भारी हो तुमी. जरा हालली नाई. मले असं जमलं नसतं."

त्या चांगुलपणानं माझा जो जाळ झाला, तो कुटाराचाही झाला नसता.

एव्हाना पळालेल्या बायांनी गल्ली गोळा करून आणली होती. दाराशी ही गर्दी. कोणीतरी विचारलं, काय झालं, कूलर कुठल्या दुकानातला? सुनंदाताईंनी मान फिरवली. सासूबाईंनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. तेव्हा मंगल पुढे आली. केसांत कुटार, कपाळावर कुटार, भुवयांवर कुटार. तिनं तोंडातला भुसा थुंकला, पदर खोचला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"आमच्या ह्याईनं बनवला!"

ज्या वाक्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते तिनं त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. न विचारणाऱ्यालाही. संध्याकाळी फोन करून मोताळ्याच्या मावशीलाही.

तो कूलर गजाननराव घेऊन गेले. म्हणाले, पाहतो काही होते का. मी म्हटलं, न्या, माझ्या डोळ्यांसमोरून न्या. पेरणीच्या आधी एकदा सुनंदाताईंचा व्हिडिओ कॉल आला. मंगल बोलत होती, मी चहा पीत होतो. मागे त्यांचं अंगण दिसत होतं. अंगणात माझा निळा कूलर. एक माणूस टोपल्यातून घरचं सोयाबीनचं बियाणं त्याच्यापुढे हळूहळू सोडत होता. बियाणं सरळ खाली पडून त्याचा ढीग होत होता आणि कचरा लांब उडून जात होता. बघायला अर्धा मोहल्ला जमला होता, प्रत्येकाच्या हातात आपापलं पोतं.

मंगलनं विचारलं, भाऊजींनी काय काय बदललं त्याच्यात?

"काईच नाई," सुनंदाताई म्हणाल्या. "जाळ्या काढून टाकल्या अन् तोंड अंगणाकडं केलं." तेवढ्यात पोतं घेऊन आलेल्या एका बाईनं त्यांना काहीतरी विचारलं. सुनंदाताईंनी फोन तसाच धरून, मान ताठ करून तिला सांगितलं, "आमच्या ह्याईनं बनवला."

मंगलनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहा तसाच ठेवून गॅरेजकडे निघालो, पण तिथे गाडी उभी होती. हल्ली गाडी सावलीत असते आणि मी बाहेर, कडुनिंबाखाली. दोघांपैकी घरात जास्त उपयोगाचं कोण, ते मंगलनं ठरवून टाकलंय, आणि खरं सांगू का, गाडी निदान बंद केली की बंद होते.