भिंतीचा रेनकोट उतरवणारे आरोंदेकर मास्तर

श्री. पुंडलिक आरोंदेकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. पण मास्तरांना पोकळ स्तुती खपत नाही, हे आपल्या मंडळींना ठाऊकच आहे. तेव्हा जसे घडले तसेच सांगतो.

मी साखळीचा. बांधकामाची कंत्राटे घ्यायला तेव्हा नुकती सुरुवात केली होती. मुरगाव बंदरातून निघून घाट चढणाऱ्या जुन्या लोहमार्गावर, घाटाच्या अलीकडे, पोर्तुगीज आमदानीतले एक लहानसे स्टेशन आहे. तांबड्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, फलाटावर बिडाचे नक्षीदार खांब. त्याच्या डागडुजीचे काम मला मिळाले. पहिल्या सकाळी सव्वाआठला पोचलो, तर दारात पांढऱ्याशुभ्र गणवेशातले स्टेशनमास्तर हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. "कामाची येळ आठाची. पंधरा मिनटां लेट," एवढे बोलून ते आत वळले. मीही तरणाताठा. म्हटले, "मास्तर, मी गाडी नव्हे." आतून उत्तर आले, "गाडी असतंस तर कारण लिवन घेतलां असतां."

भिंतींचा जुना चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता. माझ्याकडे बेळगावकडचा बसाप्पा नावाचा गवंडी होता. त्याने भिंतीवर हात फिरवून सांगितले, "मालक, ह्यो चिरा दमट हाय. सिमेट नको, चुनाच मारूया की." मी त्याला उडवून लावले. सिमेंट म्हणजे पक्के काम आणि चुना म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट, असे तेव्हा आम्हा सगळ्याच कंत्राटदारांचे मत होते. मास्तरांनाही शंका आली होती. "जुन्या लोकांनी चुनो लावलो तो काय खुळे म्हणान?" असे त्यांनी विचारले. मी अर्धा तास व्याख्यान दिले. शेवटी काम पुरे झाल्याच्या कागदावर मास्तरांनी सही केली. भिंती गुळगुळीत, राखाडी आणि देखण्या दिसू लागल्या आणि मी कॉलर ताठ करून घरी आलो.

पुढे मास्तर निवृत्त होऊन पेडण्याला परतले. निवृत्त माणसाने परसात केळी लावावीत, संध्याकाळी देवळात जावे. मास्तरांनी हेही केले, पण त्यांचे मन त्या फलाटावरून हलले नाही. जुने हमाल, सिग्नल केबिनमधली माणसे, एके काळी डब्याच्या खिडकीशी फळे विकणाऱ्या बायका यांच्या घरी जाऊन ते आठवणी लिहून घेऊ लागले. पोर्तुगीज काळात सरहद्दीवर उतारूंना गाठोडी सोडून कशी दाखवावी लागत, घरच्या पापडांचीसुद्धा झडती कशी होई, हे सारे त्यांच्या वह्यांत आहे. पुठ्ठ्याची तिकिटे, रॉकेलचे कंदील, हातघंटा, तिकिटावर तारीख उठवणारे लोखंडी यंत्र, जे जे अडगळीत होते ते त्यांनी पुसून, तेल घालून स्टेशनातल्या एका रिकाम्या खोलीत मांडले. पुढे पेडण्याजवळच मोप्याला विमानतळ झाला. विमाने मास्तरांच्या माडांवरून जाऊ लागली, गावची माणसे माना वर करून बघू लागली. मास्तर मात्र सकाळची म्हापशाची बस पकडून, पुढे आणखी बस बदलत, जुने स्टेशन बघायला निघत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, दारातून सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असे म्हणत, "घरची कौलां फुटली हत, थंय कोण बघना नाय, आणि हे सरकाराची कौलां घालूक चल्ले!" आणि असे म्हणता म्हणता त्यांच्या पिशवीत डबा ठेवत.

अशात एक दिवस बातमी आली की स्टेशनाची इमारत पाडायची ठरते आहे. भिंती आतून कुजल्या, चिरा नखाने खरवडला तरी सुटतो, इमारत धोक्याची आहे, असा अहवाल गेला होता. पाहणीला रेल्वेचे एक मोठे अभियंते आले. मास्तरांनी मला आणि बसाप्पालाही बोलावले होते. अभियंत्यांनी गिलाव्यावर हातोडी मारली. पोकळ आवाज आला, एक खपली पडली आणि मागून ओल्या मातीसारखा चिरा घरंगळला. मला तो आवाज अजून ऐकू येतो. साहेबांनी विचारले, "चुन्याच्या भिंतीवर हे सिमेंट कोणी थापलं?"

मी दोन हात अंतरावर उभा होतो. बसाप्पा माझ्या मागे होता. मी पुढे झालो नाही, हे आज कबूल करतो. मास्तर पुढे झाले. "माझ्या येळार झालां. कागदार सही माझी हा," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, भिंतीचो काय दोष नाय. आम्ही तिका रेनकोट घातलो, घाम आत रवलो. रेनकोट काढूक देवा. पुढचो पावस सरल्यार परत येवन बघा. तेव्हा ओली दिसली तर पाडा, मी आडवो येवचंय नाय."

साहेब भले गृहस्थ होते. हसले आणि मुदत दिली.

परत येताना मी मास्तरांची माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "माफी ठेव तुझ्याकडे, छिन्नी घेवन ये."

दिवाळी झाली आणि काम सुरू झाले. सत्तरी ओलांडलेले मास्तर डोक्याला पंचा बांधून, लहानशा स्टुलावर बसून स्वतः गिलावा खरवडू लागले. ते पाहिल्यावर मालक म्हणून खुर्ची टाकून बसायची माझी छाती झाली नाही. मीही छिन्नी घेतली. जोरात घाव घातला की बिचाऱ्या चिऱ्याचाच टवका उडे, आणि मास्तर ओरडत, "हळू रे! आजारी माणसाचा बँडेज काढतंस, नारळ सोलणंस नाय!" आयुष्यात एवढी बोलणी मी माझ्या वडिलांचीही खाल्ली नसतील. एका जागी सिमेंटखाली दाराभोवतीची जुनी निळी पट्टी निघाली, फिकट पण सलग. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना स्वतःच्या डब्यातले उंडे, म्हणजे आमचे गोव्याचे गोल पाव, आणि भाजी वाटली.

भिंती उघड्या ठेवून चैत्रापर्यंत वाळवल्या. आता चुना हवा होता, आणि चांगला चुना बाजारातून पोत्याने आणून लगेच लावता येत नाही. तो भिजत घालून मुरवावा लागतो, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मी चिंतेत पडलो. तेव्हा मास्तर मला पेडण्याला घेऊन गेले. त्यांच्या परसात माडाच्या झावळ्या बाजूला केल्या तर खाली खड्डा, आणि खड्ड्यात पाण्याखाली पांढराशुभ्र शिंपल्यांचा चुना. भिंतीला पहिली बुरशी दिसली त्याच वर्षी त्यांनी तो भिजत घातला होता. अहवाल नव्हता, पाहणी नव्हती, कोणी विचारलेही नव्हते. काकी म्हणाल्या, "बघ, माका वाटलां ह्यांनी माशे पाळूक खड्डो मारलो!"

बसाप्पाने तो चुना बोटाने चाखावा तसा पारखला. वाळू, गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी, सगळे त्याच्या वडिलांच्या हातच्या प्रमाणाने. या वेळी त्याचा शब्द शेवटचा होता. मी काही सुचवायला गेलो की मास्तर नुसती भुवई उंच करत.

त्या वर्षीच्या पावसात मी किती वेळा स्टेशनावर जाऊन भिंतीला हात लावून आलो, ते माझ्या घरच्यांना विचारा. पाऊस सरला आणि साहेब आले. त्यांनी ओल मोजायचे यंत्र चार ठिकाणी लावले. मग यंत्र खिशात टाकून तळहात भिंतीला टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "कोरडी आहे," ते म्हणाले. "ही इमारत पाडायचं आता कोणी बोलायचं नाही. मी तसं लिहितो." त्यांनी मास्तरांपुढे हात केला, तर मास्तरांनी तो हात धरून बसाप्पाच्या हातात दिला. "ह्येका भेटा. चुन्यातलो साहेब हो." बसाप्पाने चुन्याने खरबरीत झालेला हात आधी धोतराला पुसला.

मग मास्तर खोलीत गेले, कपाटातली हातघंटा काढली आणि फलाटावर येऊन खणखणून वाजवली. त्या वेळी कुठलीही गाडी येणार नव्हती. मास्तरांना नियम मोडताना मी एवढेच एकदा पाहिले. आम्ही सारे टाळ्या वाजवत होतो, बसाप्पा शिट्ट्या मारत होता, आणि मी सगळ्यांदेखत रडलो, लाजलो नाही.

आज त्या फलाटावर शाळांच्या सहली येतात. पाडायच्या कागदांवर धूळ बसली. मास्तर पंचाहत्तर वर्षांचे झाले.

हा लेख लिहायच्या आधी मी पेडण्याला गेलो होतो. म्हटले, "मास्तर, सिमेंट मी लावलं, हे छापून टाकणार आहे. इतकी वर्षं तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, आता मला सांगू द्या." ते म्हणाले, "लिही. पण सही माझी होती, तां पण लिही. अर्धो रिपोर्ट माका चलना नाय." म्हणून दोन्ही लिहिले आहे. चूक माझी आणि सही त्यांची. भिंत वाचवली ती मात्र त्यांनी आणि बसाप्पाने.

येत्या हंगामात आम्ही स्टेशनाच्या छपराची कौले उतरवणार आहोत. त्या कामाला मास्तरांनी आठाच्या ठोक्याला यावे, माझ्या कामात मन भरून खोट काढावी, आणि त्यानंतरच्या सगळ्या हंगामांतही काढत राहावी. त्यासाठी त्यांना उदंड आयुष्य, स्वच्छ नजर आणि म्हापशाची बस चढणारे धडधाकट गुडघे लाभोत. मी पावणेआठलाच येऊन उभा राहीन.