पाहुण्यासाठी काढलेला पोचा
वडिलांच्या लाकडी हातोडीला अजून लूमच्या तेलाचा वास येतो, आणि तो आला की मला डिंडोलीतल्या आमच्या घरची ती सकाळ आठवते. आमच्या नव्या गाडीच्या दारावर एका गुजराती शेठने आपली गाडी घातली होती आणि दाराला परातीएवढा पोचा पडला होता. शेठ भला माणूस. "चिंता ना करो, मारा वीमामांथी थई जशे," म्हणाला, म्हणजे खर्च त्याच्या विम्यातून निघणार होता. त्याच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आमच्या घरी येणार होता. मी चहासाठी दूध आणायला गेलो, तेवढ्यात वडिलांनी, ज्यांची हयात कडोदऱ्यातल्या कापड कारखान्यांत लूम दुरुस्त करण्यात गेली, ठोकून ठोकून दार अगदी सपाट केलं. वर मलाच म्हणाले, "घरी पाव्हना येवाव शे, मोडेल दार बरं दिसस का?" सर्व्हेअरने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "नुकसान कुठाय?" माझा चेहरा बघून वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच हातोडी उचलली. "थांबा साहेब, होता तसा पाडून देतो!" सर्व्हेअर चहासुद्धा न घेता गेला. काल पुन्हा कुणीतरी माझी गाडी ठोकली. त्याच्या विम्याचा माणूस उद्या येतोय आणि वडील घरीच असतात, म्हणून हातोडी मी सकाळपासून ऑफिसच्या बॅगेत घेऊन फिरतोय.