घड्याळजींच्या आईचं वजन

आमच्या शेजारचे घड्याळजी वाण्याकडे जाताना एक वेळ पिशवी विसरतील, पण कामाचं भिंग विसरणार नाहीत. बिस्किटाचा पुडा घेतला की भिंग डोळ्यात बसवून मागची बारीक अक्षरं वाचत उभे. पाठीमागे रांग. दुकानदार म्हणतो, "काका, बिस्किटं आहेत हो. बंद पडली तर दुरुस्त होत नाहीत."

हसू येतं खरं, पण बिचाऱ्यांची चहूकडून कोंडी झाली होती. आईला रक्तदाब, म्हणून मीठ कमी. लेक म्हणे, पाकिटातलं काही नकोच. बायको म्हणे, मला दोनच हात आहेत. आणि डॉक्टरांनी बजावलेलं, आजींचं वजन महिन्याभरात वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. आजींनी तर दवाखान्याचा धसकाच घेतलेला. घड्याळजींनी एक घाव दोन तुकडे केले: आजींच्या ताटातून मीठच हद्दपार. भाज्या ताज्या, निवडून आणलेल्या आणि पाण्यात उकडलेल्या.

आजी रोज ताट लख्ख करायच्या. महिनाअखेर काट्यावर उभ्या राहिल्या तर दीड किलो कमी.

घड्याळजी माझ्या दारात येऊन बसले. "वहिनी, खाते तर सगळं. मग जातं कुठे?"

आता काय सांगू कपाळ. जात होतं माझ्या पोटात. दुपारी घर रिकामं झालं की आजी गॅलरीच्या कठड्यावरून डबा सरकवायच्या. "खा बाई. पोराने जिवापाड निवडून आणलंय, टाकवत नाही." मी वरून मीठ भुरभुरवून फस्त करायची. मला मेलीला त्यात गंमत वाटत होती. पण त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना, सांगून टाकलं.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाले, "म्हणजे तिचे दीड किलो तुमच्याकडे?"

"दोन," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

तसेच उठून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "अहो, कमी सांगितलं होतं, बंद नव्हे." दिवसाला किती चालेल ते चमच्याने मोजून दाखवलं. आणखी आठ दिवस दिले.

संध्याकाळी घड्याळजींनी स्वतः बटाटे उकडले, लोणी घातलं, वर चिमटीने मोजकं मीठ. आजींसमोर ताट ठेवून खाली मान घालून बसले. मी दाराशीच होते.

आजींनी घास घेतला. सावकाश चावला.

"आज हे शेजारी जाणार नाही," म्हणाल्या, आणि दुसरा बटाटा पुढे ओढला.