दोघांनी एकत्र बसायची अट

समस्त नागरिकांना, विशेषतः कर्वेनगर व परिसरातील सुजाण रहिवाशांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की प्रस्तुत लेखिका ही वेगाचा अभ्यास करणारी बाई आहे. वाहनांच्या वेगाचा नव्हे. तो अभ्यास आमच्या रस्त्यावर संध्याकाळी शक्यच नाही. मी अभ्यास करते तो नव्या कंपन्यांच्या वेगाचा. काल एका खोलीत जन्मलेली कंपनी आज शहरभर कशी पसरते, कोणाच्या जोरावर पसरते, आणि मुख्य म्हणजे हे सगळं एका आलेखात कसं बसवायचं. या थोर कार्यासाठी मला पगार मिळतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "म्हणजे तू स्वतः धंदा करत नाहीस, करणाऱ्याला नुसती विचारत बसतेस?" असं त्या म्हणायच्या. संशोधनाची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

तर अशाच एका विचारत बसण्याची ही गोष्ट आहे. हसत सुरू केली आहे, पण हसत संपेल अशी खात्री देत नाही.

आमच्या प्रकल्पाची पद्धत सोपी होती. वेगाने वाढणाऱ्या काही कंपन्या निवडायच्या, दर तीन महिन्यांनी त्यांच्या संस्थापकांना भेटायचं, आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. प्रकल्पाचे प्रमुख आमचे सर. पेठेत वाढलेले, शब्द रेशनवर मिळाल्यासारखे वापरणारे. त्यांचे दोन नियम होते. पहिला, प्रश्नापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही. "आपण थर्मामीटर आहोत," ते म्हणायचे. "थर्मामीटर पेशंटशी गप्पा मारत नाही." दुसरा, कंपनीचे जितके संस्थापक असतील तितके सगळे एकाच वेळी, एकाच खोलीत समोर बसले पाहिजेत. "एकेकटा भेटला की प्रत्येक जण कंपनीचा बाप असतो. समोरासमोर बसवले की निदान काका होतात."

ही दुसरी अट संस्थापक सुरुवातीलाच लिहून द्यायचे. तेव्हा ती कोणालाच जड वाटत नसे.

त्या दोघांना तर मुळीच नाही. दोघं अमरावतीकडचे, शाळेपासूनचे मित्र. इंजिनिअरिंगला पुण्यात आले आणि आमच्या संस्थेपासून दोन गल्ल्यांवर एका खोलीत राहिले. मेसची गोड आमटी खाऊन जीव मेटाकुटीला आला तेव्हा त्यांनी आपल्यासारख्यांसाठी वऱ्हाडी जेवणाच्या डब्यांची कंपनी काढली. ॲपवर मागवायचं, तासाभरात दारात. एकाला दाढी होती, त्याच्याकडे चव. दुसऱ्याला चष्मा होता, त्याच्याकडे बाकी सगळं जग. मी त्यांना मनात दाढीवाला आणि चष्मेवाला म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

पहिल्या मुलाखतीला मी गेले तेव्हा कंपनी म्हणजे एक फ्लॅट होता. स्वयंपाकघरात दाढीवाल्याची आई मसाला भाजत होती आणि बाहेरच्या खोलीत मी खोकत होते. एक प्रश्न विचारला की दोघं एकदम बोलायचे.

"तू सांग न बे."

"तूच सांग, तुलेच लई येते."

तेवढ्यात आई पाटवडीचा रस्सा घेऊन बाहेर आली. "या पोट्ट्यायचं काही खरं नाही, बाई. लिहीतच राहाल तर जेवाल कवा? आंधी जेवा." थर्मामीटरने त्या दिवशी रस्सा दोनदा मागून घेतला. दोन्ही मुलं तिचीच आहेत असं मला बराच वेळ वाटत होतं. चष्मेवाल्याच्या ताटात ती न विचारता भाकरी टाकायची आणि तो न बघता खायचा.

मग कंपनी वाढली. वाढली म्हणजे आमच्या सरांच्या डोळ्यांत पाणी यावं अशी वाढली. गुंतवणूकदार आले. मांजरी गावात, उसाच्या शेतालगत उगवलेल्या नव्या इमारतींच्या मागे, मोठं किचन झालं. मग येरवड्याला दुसरं. चष्मेवाल्याचं म्हणणं असं की मांजरीचा रस्सा आणि येरवड्याचा रस्सा जिभेला एकच लागला पाहिजे. म्हणजे मसाला कारखान्यातून बंद पाकिटात आला पाहिजे. म्हणजे मुठीने अंदाज घेणारं कोणी किचनमध्ये नको. आता मुठीने अंदाज घेणारं माणूस कंपनीत एकच होतं.

हे दाढीवाल्याच्या आईला तोंडावर कोणी सांगितलं नाही. मसाला विभाग बंद झाल्याचा संदेश सगळ्यांच्या फोनवर गेला. तिचा फोन साधा होता. दाढीवाला तेव्हा बाहेरगावी होता. ती नेहमीसारखी सकाळी मांजरीला गेली. दारावरच्या नव्या रखवालदाराने कार्ड मागितलं. कार्ड नव्हतं. त्याने बिचाऱ्याने आपलं स्टूल दिलं आणि आत निरोप पाठवला. चष्मेवाला आत गुंतवणूकदारांना किचन दाखवत होता. पाहुणे गेले की जातो, असं त्याने मनात म्हटलं. पाहुणे गेल्यावर तो गेला. स्टूल रिकामं होतं.

त्याच आठवड्यात ती अमरावतीला परत गेली. आणि दाढीवाल्याने चष्मेवाल्याशी बोलणं टाकलं.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, 'कामकाजात कोणत्या अडचणी आल्या' या प्रश्नाचं उत्तर म्हणून. एकाने खिडकीकडे बघत अर्धं सांगितलं, दुसऱ्याने टेबलाकडे बघत उरलेलं. त्या तिमाहीत कंपनी सगळ्यात जास्त वाढली होती. सरांच्या आलेखात ती रेघ अशी वर गेली की परिसंवादात लोकांनी मान डोलावली. मी मागच्या रांगेत बसून त्या रेघेत एक स्टूल शोधत होते.

यानंतर दोघं वेगवेगळ्या किचनमध्ये बसायला लागले. कंपनीच्या बैठका पडद्यावर, निरोप वकिलाच्या नाहीतर हाताखालच्या माणसाच्या तोंडी. एकमेकांना आता ते 'सर' म्हणायचे, तेही तोंडावर नव्हे, तिसऱ्याजवळ. जगात एकच जागा उरली होती जिथे दोघांना एका टेबलाशी बसावं लागे: आमची मुलाखत. अट लिहून दिली होती ना.

पहिल्या अबोल मुलाखतीत मी घाबरतच विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत निर्णय घेताना आपण कोणाचा सल्ला घेतलात?"

दाढीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "आईचा. आणि मॅडम, लिहून घ्या. ते चष्मेवालं पोट्टं टायमावर जेवते का, असं आई विचारत होती."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तोही माझ्याकडेच बघत म्हणाला, "यांना सांगा, जेवतो."

दोघांच्या मधे टेबल होतं, हात लांबवला तर पोचावा एवढं. ऐकू दोघांनाही स्वच्छ आलं होतं. तरी दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी दाढीवाल्याकडे वळले आणि सगळं शास्त्र बाजूला ठेवून म्हणाले, "ते जेवतात म्हणे."

"बरं," दाढीवाला म्हणाला. "कळवतो."

तिथून पुढे मी संशोधक कमी आणि पोस्टमन जास्त झाले, आणि सांगते, आयुष्यात इतकं मनापासून काम मी केलेलं नाही. प्रश्न सावकाश वाचायचे. "अजून काही?" असं शेपूट लावायचं. आईचे गुडघे, अमरावतीचं ऊन, चष्मेवाल्याच्या बहिणीचं लग्न, सगळं माझ्या डाव्या कानातून उजव्या हाताला जायचं. वाटायचं, एकदा कधीतरी यातला एक जण चुकून माझ्याऐवजी समोर बघेल. तेवढं झालं की पुरे.

सर ध्वनिमुद्रणं ऐकायचे. एकदा मला बोलावून म्हणाले, "हल्ली थर्मामीटर फार बोलतोय."

मी वही मिटली.

"आणि ताप?"

"आहे, सर. उतरत नाही."

त्यांनी कागद सरळ केले. "मग मुलाखतीत चहा मागवत जा. चहा नियमात बसतो. प्यायला वेळ लागतो."

चहा मागवला. वेळ लागला. समोर कोणी बघितलं नाही.

आणि प्रकल्पाची मुदत संपली. शेवटची मुलाखत आमच्याच संस्थेत ठेवली होती. दोघं वेळेवर आले, आपापल्या टोकाला बसले. दाढीवाल्याची दाढी नव्हती. डोकंही तुळतुळीत होतं, नुकते केस फुटू लागलेले. तरी मला कळायला हवं ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. मी प्रश्न वाचला. "गेल्या तीन महिन्यांत कोणते महत्त्वाचे बदल झाले?"

चष्मेवाल्याने नव्या शहरातल्या नव्या किचनची माहिती दिली. नीट, क्रमाने, नेहमीसारखी. मग दुसरीकडून आवाज आला.

"आई गेली."

चहावर साय धरली. मी काही बोलणार तेवढ्यात चष्मेवाला माझ्याकडे बघत म्हणाला, "मी गेलो होतो अमरावतीला. मागं, झाडाखाली उभा होतो. पुढं यायची हिंमत नाही झाली."

"मॅडम," दाढीवाला म्हणाला, "यांना सांगा, मी पाहिलं होतं."

मला सांगता आलं नाही. आणि समोरच्या कागदावर पुढचा प्रश्न होता: येत्या वर्षात किती नवी माणसं घेण्याचा विचार आहे? मी तो वाचला. दुसरं काय करणार होते? त्यांनी उत्तर दिलं. त्यापुढचा वाचला, त्याचंही दिलं. मी इतकी सावकाश वाचत होते की बालवाडीतल्या मुलाने हसावं. पण प्रश्न काही मारुतीचं शेपूट नव्हते. ते संपले. शेवटी छापलेलं वाक्य असतं, तेही वाचलं: "या अभ्यासातील आपल्या सहभागाबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत."

ध्वनिमुद्रण बंद केलं. कागद गोळा केले. आता या दोघांना एका खोलीत बसायला लावणारा जगात एकही कागद उरला नव्हता, आणि हे तिघांनाही माहीत होतं. दाढीवाल्याने फोन खिशात टाकला, खुर्ची मागे सरकवली आणि उठला. दारापर्यंत गेला, कडीला हात घातला.

तेव्हा चष्मेवाला, ज्याने आजवर कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही, तो खुर्चीतून अर्धवट उठून जवळजवळ ओरडलाच:

"मॅडम, अजून एखादा प्रश्न विचारा न!"