अकरा तुकड्यांचा डोंगर

फोटोवाल्या काकांची तीस वर्षं गावभरच्या लोकांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात गेली. दुकान बंद केलं आणि त्यांना डोंगरांनी झपाटलं. लांब पल्ल्याची लेन्स लावून डावीकडून उजवीकडे डोंगराचा एकेक तुकडा टिपायचा, प्रत्येकात आधीच्या तुकड्याचा थोडा भाग घ्यायचा आणि घरी कॉम्प्युटरवर सगळे जोडायचे. काकू याला ठिगळकाम म्हणत.

त्या सकाळी काका चष्मा घरीच विसरले. तळ्यापलीकडचा डोंगर त्यांनी तसाच अकरा तुकड्यांत टिपला. काकू पलीकडच्या काठाने वळसा घालून चष्मा घेऊन पोचल्या, तोवर काम उरकलं होतं.

घरी येऊन पायातल्या चपलाही न काढता काका कॉम्प्युटरसमोर बसले. तुकडे इतके बेमालूम जुळले की जोड शोधून सापडेना. आनंदाने त्यांना खुर्चीत बसवेना. तेवढ्यात डोंगराखालच्या काठावर एक पिवळी छत्री दिसली, पुढे दुसरी. एकूण चार छत्र्या निघाल्या आणि चारही छत्र्यांखाली काकूच.

"कॅमेरा फिरत होता त्याच बाजूला चालत होतीस की तू," काका कपाळाला हात लावून म्हणाले. "थांब, पुसून टाकतो."

काकूंनी त्यांचा माउसवरचा हात धरला. "अख्ख्या गावाचे फोटो काढलेत, माझा एक नाही. आता चार निघालेत तर पुसायला निघालात?"

काकांनी माउस बाजूला सरकवला.

"उद्या जरा दमाने चाल," ते म्हणाले. "अकराच्या अकरा तुकड्यांत हवीस मला."