पेंटरकाकांचे दहा सेकंद

पेंटरकाका शिडीवरून पडले असते तर त्यांना एवढं वाईट वाटलं नसतं. ते पडले पँट घालताना. एक पाय आत, दुसरा हवेत, आणि पुढच्या क्षणी पलंगाशेजारी जमिनीवर. हाड मोडलं नाही, पण कंबर आठवडाभर निळी राहिली. अब्रूचं काय झालं ते विचारायची सोय नव्हती. एक्केचाळीस वर्षं या माणसाने शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. गावात त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं.

"शिडीवरून पडलो असं सांग," त्यांनी मुलीला फोनवर बजावलं.

"कुणाला सांगू? शिडी विकून सहा वर्षं झाली, बाबा."

मुलगी दुसऱ्याच दिवशी आली. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावर, मागची खोली रिकामी. काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिने वर्षभर मनात ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. काका खिडकीकडे बघत राहिले. त्या खिडकीतून त्यांच्या हातच्या सात पाट्या दिसायच्या. औषधाचं दुकान, चपलांचं दुकान, शिंपी, खाली कोपऱ्यावर चष्मेवाला. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते त्यांची हजेरी घ्यायचे. मुलीच्या मागच्या खोलीतून शेजाऱ्यांची भिंत दिसत होती, आणि ती कोऱ्या पिवळ्या रंगाची होती.

शेवटी तहाची कलमं ठरली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी सावकाश व्यायामाचा वर्ग चालतो, तिथे काकांनी तीन महिने जायचं. मग मुलीसमोर एका पायावर दहा सेकंद, कशालाही न धरता. जमलं तर इथेच राहायचं. नाही जमलं तर कुरकुर न करता सामान बांधायचं.

"दहाच ना? मला वाटलं दहा मिनिटं म्हणतेस," काका म्हणाले.

वर्ग बघून मात्र त्यांना हसू आवरेना. डझनभर म्हातारी माणसं इतकी सावकाश हात हलवत होती की जणू सगळ्यांनाच एका वेळी विसर पडला होता, आपण काय उचलायला आलो. शिकवणारी नर्सबाई बुटकी, निवृत्त, पण आवाज अजून तीस खाटांच्या वॉर्डाला पुरेल असा.

"वजन उजव्या पायावर. घाई नको. डावा पाय रिकामा करा. रिकामा झाला की आपोआप उचलला जाईल."

काकांचा पाय उचलला गेला आणि तिसऱ्या सेकंदाला खाली आला. शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हेडमास्तर बगळ्यासारखे उभे होते.

"काय पेंटर, शिडी हलली वाटतं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

पहिला महिना असाच गेला. तीन सेकंद, फार तर चार. काका सबबी सांगायचे. बूट जड, फरशी गुळगुळीत, हेडमास्तर शेजारी उभे. एक दिवस ते चिडलेच.

"मी तीन मजल्यांच्या उंचीवर एका पायावर उभा राहून अक्षरं काढलीत, बाई!"

"मग काढून दाखवा," नर्सबाई म्हणाली. "हवेतच. मोठं अक्षर काढा."

काकांनी उजवा हात वर नेला आणि झोकात एक लांब रेघ ओढायला घेतली. वर्ग थांबून बघू लागला. नर्सबाई त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो हात पुढे गेला होता आणि हवेत काहीतरी दाबून धरत होता.

"हा कुठे चालला?"

काकांनी हाताकडे पाहिलं आणि समजावून सांगितलं. पाट्या रंगवताना त्यांच्या डाव्या हातात कायम एक काठी असायची, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली. तो गोळा भिंतीला टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट ठेवायचं, म्हणजे ब्रश थरथरत नाही.

"म्हणजे भिंतीला टेकूनच उभे होतात की! आणि आत्ता श्वास का कोंडलात?"

"रेघ ओढताना श्वास घेतला तर रेघ हलते."

"आणि नाही घेतला तर माणूस हलतो," नर्सबाई म्हणाली. यावर हेडमास्तरसुद्धा हसले नाहीत, आणि तेच काकांना जास्त झोंबलं.

पुढच्या वर्गाला ते गेले नाहीत. घरी बसून हिशोब मांडला तर तो सरळच होता. एक्केचाळीस वर्षं तोल भिंतीने सांभाळला आणि शाबासकी त्यांनी घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र ते खिडकीपाशी उभे राहिले. समोरच्या पाटीवरची सगळ्यांत लांब रेघ निवडली, पाय उचलला, आणि नजर रेघेवरून सरकवत श्वास हळूहळू बाहेर सोडला. पाच सेकंद. त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की चपलांच्या दुकानाची पाटी उजवीकडे बोटभर उतरती आहे. इतकी वर्षं त्यांनी ती कदाचित तिरकं उभं राहूनच पाहिली होती. पुढच्या वर्गापासून ते पुन्हा जाऊ लागले, पण ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही.

तीन महिने भरले त्या रविवारी मुलगी आली, घड्याळ घेऊन आणि खोकी घेऊनही. चार रिकामी खोकी तिने दाराशी रचली.

"फार विश्वास आहे बापावर."

"खोकी काय, परतही नेता येतात. व्हा उभे."

काका खिडकीशेजारी उभे राहिले. पाय उचलला. चार झाले, पाच झाले. सहाव्या सेकंदाला शरीर डावीकडे कललं आणि डावा हात सवयीने चौकटीकडे निघाला. मुलगी बसली होती तिथून चौकट पडद्याआड होती. बोट टेकायला वीतभरही अंतर उरलं नव्हतं. काकांनी हात मागे ओढला आणि पाय जमिनीवर आला.

"सात," ते म्हणाले. "आण ती खोकी."

मुलगी उठली नाही. "हात का मागे घेतलात?"

"दिसला तुला?"

"पडद्यावर सावली पडते, बाबा."

"कशालाही न धरता असं ठरलं होतं."

तिने घड्याळ बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सातच का येतात? दहा म्हणजे असे किती असतात?" आणि स्वतःच उभी राहिली, चपला काढून, ऐटीत. दुसऱ्या सेकंदाला तिचे हात पंख्यासारखे फिरले, आणि तिसऱ्याला तिने वडिलांचा खांदा गच्च पकडला. सगळं वजन त्यांच्यावर आलं. काका दोन्ही पायांवर उभे होते, गुडघे किंचित वाकलेले, नर्सबाईने शिकवले होते तसे. ते तसूभरही हलले नाहीत.

"श्वास सोड," ते हळूच म्हणाले. "कोंडू नकोस."

तिने सोडला. खांद्यावरचा हात लगेच काढला नाही.

"एक महिना मुदतवाढ," शेवटी ती म्हणाली. "दहा पूर्ण व्हायला हवेत. आणि मंगळवारी मी येऊन बघणार, ती बाई नक्की शिकवते काय ते."

"बघायला नाही, करायला ये. हेडमास्तरांना हसायला कुणीतरी नवीन हवंच आहे."

ती खोकी उचलून निघाली. चारही एकावर एक, नाकापर्यंत. काका दाराशी आले आणि जिन्यावरून खाली ओरडले, "दोन-दोन करून ने! पायऱ्या दिसतात का तुला?"

"दिसतात!" खालून आवाज आला, आणि पाठोपाठ एक खोकं गडगडत गेल्याचाही.