मागच्या सीटवरचा हूं

किक मारायच्या आधी साहेब मान अर्धी वळवायचे आणि विचारायचे, "बसले का?" मी "बसलो" म्हणायचो. तेवढ्यावर त्यांचं भागत नसे. "मंग हूं म्हणा." मी हूं म्हणायचो आणि मगच गाडी सुरू व्हायची. मग राजूरच्या शिवारातली वस्ती असो की पार टेंभुर्णी, पोहोचेपर्यंत त्यांच्या दर दोन-चार वाक्यांमागे माझा एक हूं ठरलेला. तो चुकला की गाडीचा वेग कमी व्हायचा आणि पुढून प्रश्न यायचा, "हूं?"

असा एखादा वरिष्ठ तुम्हीही पाहिला असेल. आपलं बोलणं कुणीतरी ऐकतंय याची त्याला सारखी पावती लागते. साहेब मला त्यातलेच वाटले. जालना वेगळा जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. राजूरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी नुकताच ड्रेसर म्हणून लागलो होतो आणि ते तिथले पशुधन पर्यवेक्षक होते. एवढा लांब हुद्दा उच्चारायला गावाकडे वेळ नव्हता, म्हणून लोक त्यांना डाक्टरसाहेब म्हणत. मी नुसतंच साहेब म्हणे. लसीकरणाच्या दिवसांत लसीचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन त्यांच्या मागे बसायचं, हीच माझी निम्मी नोकरी होती.

बोलण्याचा विषय एकच असे. पन्नास वर्षांनंतरच्या मोटारसायकली. त्यांची स्वतःची गाडी जुनी, काळी. ती सुरू झाली की दवाखान्यामागच्या लिंबावरचे कावळे उडायचे. त्या गाडीवर बसून ते पुढच्या काळातल्या गाड्यांचं वर्णन करत.

"पन्नास वर्षांनी गाडीला आवाजच राहणार न्हाई. मुकी गाडी. मागचा माणूस हळू बोलला तरी पुढच्याला बराबर ऐकू येईल."

"हूं."

"आणि हे मागं-पुढं बसणं बिलकुल बंद. शेजारी शेजारी सीटा."

"मग रस्त्यात मावेल कशी, साहेब?"

"रस्ते रुंद होतील. तुम्ही हूं म्हणा."

गाडीला माणसं मोजता येतील, असंही त्यांचं म्हणणं होतं. दोघं बसले होते आणि एक कमी झाला, तर गाडी जागच्या जागी उभी राहील. पुढच्यानं कितीही पीळ दिला तरी हलणार नाही. मी तेव्हा पंचविशीत होतो. मला पुढची गाडी म्हणजे वाऱ्यासारखी पळणारी, जमलंच तर उडणारी हवी होती. साहेबांच्या गाडीनं पन्नास वर्षांत वेग म्हणून वाढवला नव्हता. मला त्याचं हसू यायचं.

गावात पोहोचल्यावरही हे चालूच असायचं. बैल खोड्यात अडकवलेला, साहेबांच्या हातात सुई, आणि तोंडानं मुक्या गाडीचं वर्णन. एकदा एक शेतकरी कंटाळून म्हणाला, "साहेब, पन्नास वर्षांनी आमी न्हाई राहणार, ह्यो बैल न्हाई राहणार. तुमी सुई टोचा." साहेब हसले आणि सुई टोचली. केदारखेड्याच्या एका म्हातारीनं तर जाहीरच करून टाकलं होतं की डाक्टरची गाडी पेट्रोलवर न्हाई, हूंवर चालती.

हे वाक्य मी दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो. मला स्वतःची अक्कल फार वाटायची त्या वेळी.

मग एक दिवस मी तो प्रकार केला. केदारखेड्याच्या रस्त्याला लागलो होतो. ऊन मी म्हणत होतं, बर्फाचं पाणी डब्यातून झिरपून माझी पँट ओली झाली होती आणि पुढून तीच मुकी गाडी चालू होती. मी ठरवलं, आज हूं म्हणायचंच नाही. बघू काय करतात.

"शेजारी बसलं म्हणजे कसं, नुसती मान वळवली की दिसतंय," ते म्हणाले.

मी गप्प.

"हूं?"

मी गप्पच. ओठ दाबून हसत होतो.

"हूं म्हणा हो."

आणि त्यांनी ब्रेक दाबला. गाडी खडीवर घसरली आणि आडवी झाली. मी डब्यासकट बाजूला उतरलो, म्हणजे पडलोच. साहेब उठले आणि आम्ही आलो त्या दिशेला पळत सुटले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. चप्पल एका पायातली निघाली होती, माझ्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चऱ्यांत वाकून बघत पळत होते. मी हाका मारत होतो, "साहेब, मी इथं आहे. साहेब, अहो, मी इथंच आहे." बऱ्याच लांबवर जाऊन ते थांबले. वळून माझ्याकडे बघत राहिले.

परत आले तेव्हा त्यांनी आधी गाडी उभी केली. रागावलेही नाहीत. किक मारलीच नाही, गाडी ढकलत आम्ही गावात गेलो. त्या दिवशी सगळी जनावरं त्यांनी मुकाट्यानं टोचली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "साहेब, चेष्टा केली." ते म्हणाले, "हूं."

परतल्यावर त्यांना घरी सोडायला गेलो. घरात त्यांच्याशिवाय त्यांची थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांनी माझ्या आणि त्यांच्याही गुडघ्याला हळद लावली, त्यांना आत झोपवलं आणि ओसरीवर येऊन मला चहा दिला. काय झालं ते मी सांगितलं.

"तुला कुणी सांगितलं न्हाई का रे?"

मग त्यांनी सांगितलं. मी नोकरीला लागायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. साहेबांची बायको माहेराला, टेंभुर्णीला गेल्ती. साहेब तिला आणायला गेल्ते. येताना तिच्या आईनं लोणच्याची बरणी दिली. चिनी मातीची, मोठी. गाडीवर ती दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली, सगळ्याच बसतात तशी. एरवी एक हात मागच्या लोखंडी कॅरिअरला असायचा. माहेरच्या गावात नवऱ्याच्या खांद्याला हात लावायचा नाही, ही तिची रीत. त्या दिवशी कॅरिअरही सोडलं होतं. बरणी फुटू नये म्हणून दोन्ही हातांनी ती मांडीवर धरली होती.

"ह्याला बोलायची सवय. तिला हूं म्हणायची. गावात शिरेपर्यंत ह्याची बडबड आणि तिचं हूं," आक्का म्हणाल्या. "वाटंत एक फुटका नाला हाये. गाडी आदळली आन ती मागच्या मागं गेली. ह्याला कळलंच न्हाई. ह्यो बोलून राह्यला व्हता."

"हूं नाही आला तरी?"

"वाटलं, आवाजात ऐकू आला नसंल. गाडीचा आवाज केवढा. तीन किलोमीटर गेला तसाच. फाट्यावरच्या चहावाल्यानं इचारलं, बाई मागं राह्यल्या का साहेब."

तिचा जीव लगेच गेला नव्हता. नाल्याजवळ शेळ्या चारणारा एक माणूस होता, त्यानं तिला दोनदा हाक मारताना ऐकलं. "अहो, अहो." मग ती बोलली नाही. साहेब परत पोहोचले तेव्हा तिथं चार-पाच माणसं उभी होती. बरणी तिच्या कुशीत तशीच होती. तडासुद्धा गेला नव्हता. आक्कांनी मला ती आतल्या फळीवर दाखवली. रिकामी, पुसून ठेवलेली.

तेराव्याला सासूनं साहेबांना एकच विचारलं होतं, तिच्याशी इतकं काय बोलत व्हते? पन्नास वर्षांनी मोटारसायकली कशा असतील ते मी तिला सांगत होतो, असं साहेब कोणत्या तोंडानं सांगणार. त्या दिवसापर्यंत त्यांच्याही गाड्या उडायच्या, आक्का म्हणाल्या. नंतर त्या मुक्या झाल्या.

चहा माझ्या हातात थंड झाला. मुकी गाडी, शेजारची सीट, माणसं मोजून थांबणारं इंजिन, ज्यांच्यावर मी महिनाभर दात काढत होतो, ते सगळं एकाच नाल्याजवळून निघत होतं. मला स्वतःची इतकी लाज पुन्हा कधी वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा हूं चुकला नाही. ताप असतानाही मी मागे बसून हूं म्हटलंय.

मध्ये एकदा त्यांनी मिस्त्रीला धरून मागच्या सीटखाली स्प्रिंग आणि बटण बसवून घेतलं. हँडलजवळ छोटा लाल दिवा. मागं माणूस असेपर्यंत दिवा पेटलेला, उठला की बंद. आमचे रस्ते असे की दर खड्ड्याला मी सीटवरून वीतभर उडायचो आणि दिवा विझायचा. साहेबांची नजर रस्ता सोडून दिव्यावर. तिसऱ्या दिवशी आम्ही एका कडब्याच्या बैलगाडीत घुसलो. कडबा होता म्हणून वाचलो. दिवा त्यांनी स्वतःच उपटून टाकला. "खर्चा वाया गेला," ते म्हणाले. "हूंला बॅटरी लागत न्हाई."

बाईमाणसाला त्यांनी बायको गेल्यापासून कधी मागे बसवलं नाही. आक्काही कुठं जायचं तर एस.टी.नं जात.

वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले. त्यांची काळी गाडी भंगारात गेली आणि रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, कमी आवाजाच्या, तिघं-तिघं बसून पळवणाऱ्या पोरांच्या. एके दिवशी साहेब मला म्हणाले, "जालन्याला जाऊ. गाडी बघायची." त्यांचे डोळे चांगले राहिले नव्हते, गाडी चालवायचं वय गेलं होतं. मी विचारलं नाही, गेलो सोबत.

दुकानातला विक्रेता तरुण, तोंडानं चुरचुरीत. किती धावते, किती पेट्रोल पिते, सगळं त्यानं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मागच्याचं काय?" त्यानं मागची दांडी दाखवली, साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी दाखवली. साहेब म्हणाले, "तुम्ही चालवा, मी मागं बसतो." आणि ते बसले. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, हात मांडीवर.

"काका, नीट बसा, पडाल."

"मी असाच बसतो. चालवा तुम्ही."

ते दोघं रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन वळून आले. गाडीला खरंच आवाज नव्हता. माझ्या समोरून गेले तेव्हा विक्रेता पुढं बघून गाडीचे गुण सांगत होता आणि मागं साठीचे साहेब, आडवे बसलेले, साध्या आवाजात हाक मारत होते. "अहो." थोडं थांबून पुन्हा, "अहो." रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मला ते स्वच्छ ऐकू आलं. आजूबाजूच्या दोघा-तिघांनाही आलं असावं, कारण ते हसले. मला त्या क्षणी तिथून निघून जावंसं वाटलं, पण मी हललो नाही.

उतरल्यावर साहेबांनी विचारलं, "मी काय म्हणालो?"

"कधी, काका? तुम्ही तर गप्पच होते."

साहेबांनी सीटवरून हात फिरवला आणि आम्ही बसस्टँडवर आलो. राजूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "गाडी तर मुकी झाली हो."

"हूं."

"तरी त्याला ऐकू आलं न्हाई. तो बोलून राह्यला होता."

एवढंच. इतकी वर्षं त्यांनी सगळा दोष इंजिनाच्या आवाजावर टाकून ठेवला होता, आणि त्याच आधारावर ते उभे होते. तो त्या दिवशी गेला. त्यानंतर पन्नास वर्षांनंतरची गाडी त्यांच्या तोंडी आली नाही. मी मुद्दाम विषय काढला तरी नाही.

दोन वर्षांनी त्यांना जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. आक्का आधीच गेल्या होत्या, म्हणून मी जाऊन बसायचो. शेवटच्या दिवशी दुपारी मी खाटेशेजारच्या स्टुलावर होतो. साहेब डोळे मिटून पडलेले. एकदम म्हणाले, "बसले का?"

मला इतका आनंद झाला की मी स्टूल खाटेला भिडवलं. मी म्हणालो, "बसलो, साहेब."

"मंग हूं म्हणा."

"हूं."

ते बोलू लागले. आवाज बारीक, पण वाक्यं सरळ. गाडी शेजारी बसायची झाली. रस्ता रुंद झाला. मी हूं म्हणत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून खिडकीबाहेर बघत होतो. खाली रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, मागं बायका आडव्या बसलेल्या, कुणाच्या मांडीवर पिशवी, कुणाच्या मूल.

"नाला आला," साहेब म्हणाले. "घट्ट बस."

ते आता माझ्याशी बोलत नव्हते, हे मला कळलं. तरी हूं मीच म्हणायचा होता. मी म्हटला.

"बरणी सोड. फुटू दे. मला धर."

"हूं."

मी बाहेरच बघत होतो आणि थोड्या थोड्या वेळानं हूं म्हणत होतो. मग कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. सिस्टर होती. "काका, कुणाशी बोलून राह्यले?" तिनं साहेबांची नाडी बघितली, मनगट हळूच खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

साहेबांना आपलं अंतर ठाऊक होतं. तीन किलोमीटर, नाल्यापासून फाट्यापर्यंत, मैलाच्या दगडांवरून मोजलेलं. ते थांबल्यावर मी किती वेळ एकटाच हूं म्हणत होतो, ते मला सांगता येत नाही.